साके आणि सरकार

या लेखाची सुरुवात दारूच्या नव्हे, औषधाच्या बाटलीपासून झाली. आईला जेवणानंतर पाचक सिरप लागायचं. एका संध्याकाळी चष्मा लावून मी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचत बसलो. घटकांमध्ये पहिलंच नाव होतं ‘फंगल डायस्टेज’, आणि पुढे ते ज्या बुरशीपासून काढतात तिचं नाव : अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ओरायझा म्हणजे भात, एवढं शेतकी पुस्तकांमुळे ठाऊक होतं. भाताच्या नावाची बुरशी आईच्या पोटात कशासाठी, हे शोधायला गेलो आणि वाट थेट जपानला गेली.

या बुरशीतला पाचक घटक औषध म्हणून प्रथम बाजारात आणला तो ताकामिने जोकिची या जपानी रसायनशास्त्रज्ञानं. त्याचं आजोळ साके गाळणाऱ्यांचं. साकेसाठी भातावर जी बुरशी वाढवतात, तिचा उपयोग अमेरिकेतल्या व्हिस्कीच्या धंद्यात माल्टऐवजी करावा, असा त्याचा बेत होता. माल्टवाल्यांचा विरोध आणि कारखान्याला लागलेली आग यांत तो बेत बुडाला. पण १८९४ मध्ये त्यानं त्याच बुरशीपासून काढलेल्या पाचक द्रव्याचं पेटंट घेतलं आणि ‘टाका-डायस्टेज’ या नावानं ते जगभर विकलं गेलं. आईच्या चमच्यातलं औषध म्हणजे साकेची दूरची नातलग निघाली. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं दोन दिवस सिरप घेतलं नाही.

आमच्या घरात दारूचं नाव निघालं की असंच होई, त्याला कारण आहे. वडील सरकारी नोकरीत होते आणि गावठी दारूच्या भट्ट्या मोडणं हे त्यांच्या खात्याच्या कामांपैकी एक होतं. रायगडला अजून कुलाबा जिल्हा म्हणत, त्या काळातली गोष्ट. आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या आवारात जप्तीचा माल येऊन पडे : काळी मडकी, पत्र्याचे डबे, नवसागर, मोहाची सुकलेली फुलं. पंचनामा झाला की मडकी फोडायची. तो आंबट-गोड वास दोन-दोन दिवस आवारात राही. म्हणून साकेचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा बुरशीइतकंच माझं लक्ष वेधून घेतलं ते साके आणि करखातं यांच्या नात्यानं. गेली काही वर्षं मी जे वाचत आलो, आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन जे पाहिलं-चाखलं, त्याचा हा सारांश.

आधी साके म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण तिला ‘तांदळाची वाइन’ म्हणण्याची पद्धत चुकीची आहे. द्राक्षात साखर तयारच असते. यीस्ट मिळालं की ती आंबते. तांदळात साखर नसते, असतो तो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च पचवता येत नाही. बिअरवाले जवाला मोड आणून स्टार्चची साखर करतात, मग ती आंबवतात. जपान्यांनी मोडाऐवजी बुरशी घेतली. वाफवलेल्या भातावर तिचे बीजकण शिंपडून उबदार, दमट खोलीत सुमारे दोन दिवस ठेवलं की प्रत्येक दाण्यावर पांढरी लव येते. चेस्टनट भाजल्यासारखा गोडसर वास सुटतो. याला कोजी म्हणतात. मग पाणी, कोजी, यीस्ट आणि आणखी वाफवलेला भात असं एकाच पिंपात, तीन हप्त्यांनी वाढवत टाकतात. कोजी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्याच वेळी तिचा मद्यार्क करतं. दोन्ही कामं एकाच भांड्यात शेजारी-शेजारी चालतात. साखर एकदम साठत नसल्यानं यीस्ट गुदमरत नाही, आणि ऊर्ध्वपातन न करता मद्यार्काचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जातं. साध्या आंबवणीसाठी हा आकडा फार मोठा आहे. नंतर गाळून, पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. दमट शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी जी बुरशी आहे, तिचीच ही माणसाळवलेली बहीण. शेकडो वर्षं निवडून निवडून जपानी कारागिरांनी तिच्यातली विष करण्याची खोड मोडली. सूक्ष्मदर्शक नव्हता, तेव्हाचं हे काम आहे.

हे काम करणारे लोक आणि सत्ता यांची गाठ फार जुनी. १३७१ मध्ये क्योतोतल्या दारूवाल्यांवर मडक्यांच्या हिशेबानं कर बसला. कोजी बनवण्याचा मक्ता कितानो देवस्थानाशी बांधलेल्या लोकांकडे होता. दारूवाल्यांनी आपली कोजी आपणच करायची नाही, असा दंडक. १४१९ मध्ये शोगुनाच्या हुकुमानं क्योतोतल्या दारूवाल्यांच्या कोजीच्या खोल्या मोडण्यात आल्या. हा तंटा पुढे इतका चिघळला की १४४४ मध्ये मक्तेदार देवळात ठाण मांडून बसले, शोगुनाचे शिपाई चालून गेले आणि देऊळ जळालं. भातावरच्या बुरशीसाठी देऊळ जळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

देवळांचा हातभार मात्र मोठाच. नाराच्या बौद्ध मठांत भिक्षू साके करत आणि त्यांनीच ती सुधारली. तिथल्या एका मठाच्या रोजनिशीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नोंदींमध्ये, तयार साके गरम करून ठेवल्याचा उल्लेख येतो. गरम केली की ती नासत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लुई पाश्चर यांचे प्रयोग १८६०च्या दशकातले. टोकियोत शिकवणारे इंग्रज रसायनज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी १८८१ मध्ये साकेच्या रसायनावर प्रबंध लिहिला, तेव्हा हे पाहून ते चकित झाले. कामगारांकडे थर्मामीटर नव्हता. तापत्या साकेवर बोटानं जपानी लिपीतलं ‘नो’ हे अक्षर काढायचं. एकदा काढता आलं आणि दुसऱ्यांदा चटका सोसेना, की उष्णता पुरे झाली.

पुढची दोन-अडीचशे वर्षं एदो काळाची. साकेची जी रूपं आज ‘परंपरा’ म्हणून सांगितली जातात, त्यांतली काही या काळात घडली, आणि तीही भाताच्या व सत्तेच्या हिशेबातून. तांदूळ हेच चलन होतं, पगार तांदळात मोजले जात. पीक बुडालं की शोगुन साकेवर मर्यादा घाली. १६७३ मध्ये हिवाळ्याखेरीज इतर वेळी साके करण्यावर बंदी आली. थंडीतली साके चवीला चांगली होते हे खरंच, पण ‘साके म्हणजे हिवाळ्याची’ हे समीकरण पक्कं होण्यात या हुकुमाचा वाटा मोठा. त्यातून एक नवा माणूस जन्माला आला : तोजी. बर्फामुळे शेती थांबली की डोंगराळ गावांतले शेतकरी टोळ्या करून साकेच्या कारखान्यात यायचे, वसंतात परत जायचे. टोळीचा नायक तो तोजी. तांबा प्रदेशातले तोजी नाडाला जात, नाम्बूचे ईशान्येकडे काम करत. कारखान्याचा मालक वेगळा, पण चव तोजीच्या हातात.

नाडा म्हणजे आजच्या कोबे शहराजवळचा किनारा. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या, त्यांवर तांदूळ सडायचा, आणि पिंपं जहाजानं एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला रवाना. इथल्या पाण्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८४०च्या सुमारास यामामुरा ताझाएमोन या कारखानदाराच्या लक्षात आलं की आपल्या दोन कारखान्यांपैकी निशिनोमियाचीच साके दर वर्षी सरस होते. त्यानं तांदूळ बदलून पाहिला, तोजींची अदलाबदल केली. फरक पडेना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी दुसरीकडे नेलं आणि कोडं सुटलं. त्या पाण्यात लोह अगदी कमी आणि यीस्टला पोसणारे क्षार भरपूर, हे रसायनशास्त्रानं पुढे सांगितलं. प्रयोगाची रीत मात्र यामामुराकडे आधीच होती.

इथवर साकेच्या कथेत सरकार अधूनमधून डोकावतं. १८६८ नंतरच्या मेइजी काळात ते साकेच्या पिंपातच येऊन बसतं. नव्या राज्याला आगगाड्या हव्या होत्या, आरमार हवं होतं, चीनशी आणि मग रशियाशी लढायचं होतं. पैसा शेतसाऱ्यातून येई, पण तो वाढवला की शेतकरी उठत. उरली साके. तिच्यावरचा कर चढत गेला. तो विक्रीवर नव्हे, किती गाळली त्यावर बसे. १८९९च्या सुमारास मद्यकरानं शेतसाऱ्याला मागं टाकलं आणि राष्ट्रीय करांच्या उत्पन्नात एक तृतीयांशाहून मोठा वाटा उचलला. जपानच्या युद्धनौका साकेवर तरंगत होत्या, असं म्हटलं तर ते फारसं चूक होणार नाही.

या आकड्याला दुसरी बाजू आहे. खेड्यापाड्यांत प्रत्येक घरी स्वतःपुरती न गाळलेली, घट्ट पांढरी साके होत असे. तिला दोबुरोकु म्हणतात. लावणीला, कापणीला, देवाला, बाळंतिणीच्या घरी ती लागे. घरोघर अशी साके होत राहिली तर कराची साके कोण घेणार? म्हणून १८८०च्या दशकात तिच्यावर मर्यादा आली, १८९६ मध्ये कर आला, आणि १८९९ पासून घरी साके करणं हाच गुन्हा ठरला. करखात्याचे लोक खेड्यांत धाडी घालू लागले. ईशान्येकडच्या इवाते प्रांतातला कवी-कथाकार मियाझावा केन्जी (१८९६–१९३३) यानं करकचेरीच्या प्रमुखाच्या साहसावर एक कथाच लिहिली आहे. हा साहेब चोरट्या दारूचा माग काढत खेड्यात शिरतो. ती वाचताना मला आमचं मागचं आवार आठवलं.

आता कराच्याच गरजेतून घडलेली दुसरी गोष्ट. साके पिंपात नासली की कारखानदार बुडे आणि कारखानदार बुडाला की कर बुडे. म्हणून १९०४ मध्ये, रशियाशी युद्ध पेटलं त्याच वर्षी, अर्थमंत्रालयानं टोकियोत साकेची प्रयोगशाळा उघडली. शेतकी किंवा आरोग्य खात्यानं नव्हे, अर्थमंत्रालयानं. यीस्टसाठी नैसर्गिक आम्लता येण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. इथल्या संशोधकांनी लॅक्टिक आम्ल थेट घालून ते काम निम्म्या वेळात आणि खात्रीनं होईल अशी रीत काढली. चांगल्या कारखान्यांतून यीस्ट वेगळं करून, त्याला क्रमांक देऊन ते देशभर वाटलं जाऊ लागलं. सहा क्रमांकाचं यीस्ट अकिताच्या एका कारखान्यातलं, सात क्रमांकाचं नागानोतलं, १९४६ मध्ये सापडलेलं. १९११ पासून सरकारी स्पर्धा भरू लागल्या. आजही जपानात साकेचा कारभार करखात्याकडे आहे आणि विभागीय करकचेऱ्यांत साके चाखून पारखणारे अधिकारी नेमलेले असतात. त्या सरकारी प्रयोगशाळेची वारस असलेली संस्था १९९५ पासून हिरोशिमाजवळच्या हिगाशि-हिरोशिमा शहरात आहे.

या शहरातल्या साइजो भागात मी पहिल्यांदा साके चाखली. भाचा हिरोशिमात नोकरीला असतो, त्यामुळे फेब्रुवारीतली ही वारी जमली. साइजो स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत पांढऱ्या भिंती आणि विटांची उंच धुराडी दिसू लागतात. कारखान्यांच्या दारात सीडरच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला असतो. हिरवा असला तर नवी साके नुकतीच निघाली. महिन्यांमागून तो तपकिरी होत जातो. हवेत वाफवलेल्या भाताचा वास होता. आपल्याकडे लग्नघराच्या मागच्या दारी येतो तसा.

साइजोला यायचं कारण होतं. इथलं पाणी मृदू, क्षार कमी, त्यामुळे नाडाच्या रीतीनं केलेली साके इथे अर्ध्यात बसायची. जवळच्या आकित्सु गावचा मिउरा सेन्झाबुरो यानं अनेक वर्षं हात पोळून घेत मृदू पाण्यासाठी वेगळी रीत बसवली : कोजी आतपर्यंत मुरू द्यायची, आणि आंबवण थंडाव्यात, सावकाश होऊ द्यायची. १८९८ मध्ये त्यानं ती छापून सर्वांना खुली केली. स्वतःपाशी ठेवली नाही. १९०७च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेनं नाडाला मागं टाकलं. याच साइजोत १८९६ मध्ये साताके नावाच्या माणसानं यंत्रावर तांदूळ सडायची गिरणी केली आणि १९३०च्या सुमारास उभी गिरणी आणली. तिच्यामुळे दाणा न मोडता निम्म्यापर्यंत घासणं शक्य झालं. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश गेले की साकेला फळासारखा सुगंध येतो. हीच ती गिन्जो आणि दाइगिन्जो.

भाच्यानं तीन पेले मांडायला सांगितले. पारखीचा पेला पांढऱ्या चिनी मातीचा असतो, तळाशी निळी वर्तुळं काढलेली. साके किती नितळ आहे आणि रंग किती चढलाय, ते वर्तुळांकडे पाहून कळतं. पहिल्या पेल्यात दाइगिन्जो, थंड. नाकाशी नेताच केळं आणि सफरचंद. मी दोनदा पेल्यात डोकावून पाहिलं. दुसऱ्यात जुनमाइ, म्हणजे तांदूळ, कोजी आणि पाण्याखेरीज काहीही न घातलेली, ४० अंशांच्या आसपास गरम केलेली. हिला फळाचा वास नाही. पहिल्या घोटाला आंबेमोहराच्या पेजेची आठवण आली, मागून आंबटपणा, आणि मग जिभेवर बराच वेळ राहणारी, आमटीच्या निवळीसारखी चव. तिसरी कागदी खोक्यातली स्वस्त साके, मद्यार्क मिसळलेली. ती घशाला लागली आणि संपली. मला सर्वांत जुनी वाटली ती दुसरी. पहिली इतकी तलम की वाटलं, ही राजदरबारची, शतकानुशतकं मुरलेली असणार.

माझा हा समज पुस्तकांनी आधीच खोडून काढला होता, तरी जीभ फसली. दाइगिन्जो ही मुळात स्पर्धेची साके. उभी गिरणी, निवडक यीस्ट आणि ‘यामादानिशिकी’ हा १९३६ मध्ये नाव मिळालेला तांदूळ जुळून आल्यावरची. काही दशकं ती परीक्षकांसाठीच होई, दुकानात क्वचितच येई. ‘जुनमाइ’ हा शब्द लेबलावर मिरवू लागला तोही अलीकडे, कारण मधल्या काळात साकेत बाकी बरंच काही शिरलं होतं.

ती कथा भुकेची आहे. १९१८ मध्ये तांदूळ महागला म्हणून जपानभर दंगली झाल्या. त्यानंतर जीवनसत्त्व ब-१ वरच्या संशोधनामुळे नाव झालेले सुझुकी उमेतारो तांदळाविना ‘कृत्रिम साके’ करण्याच्या मागे लागले. पुढे चीनशी युद्ध वाढलं, साकेसाठी मिळणारा तांदूळ कापला गेला. दुकानांतली साके इतकी पाणचट झाली की लोक तिला ‘गोल्डफिश साके’ म्हणत : मासा टाकला तर पोहेल. मांचुरियात करून पाहिलेली मद्यार्क मिसळण्याची रीत १९४०च्या दशकात जपानात सरकारी संमतीनं आली. कितीतरी कारखाने सक्तीनं बंद झाले किंवा एकमेकांत विलीन केले गेले. पराभवानंतर १९४९ मध्ये त्याहून पुढची पायरी आली : मद्यार्क, ग्लुकोज, आम्लं आणि अजिनोमोटोच्या जातीची चव घालून एका पिंपाची तीन पिंपं करायची. रीत तुटवड्यासाठी होती. तुटवडा संपला तरी ती राहिली, कारण ती स्वस्त होती. वाटर्लूच्या लढाईनंतरही शिपायाची वर्दी न उतरवणाऱ्या म्हाताऱ्यासारखी ती दुकानांत उभी राहिली. साकेचा खप १९७३च्या सुमारास शिखरावर होता, तो याच साकेचा. आज तो त्याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास आहे.

१९६०च्या दशकापासून काही मोजके कारखाने पुन्हा निव्वळ भाताची साके करू लागले. १९८८ पासून आलेल्या ओझे आकिरा यांच्या ‘नात्सुकोची साके’ या चित्रकथामालिकेनं तरुण वाचकांना जुन्या तांदळाचं आणि तोजींच्या कामाचं वेड लावलं. १९८९ मध्ये करखात्यानंच लेबलांचे नियम ठरवले : किती घासलेला तांदूळ म्हणजे गिन्जो, किती म्हणजे दाइगिन्जो, जुनमाइ कशाला म्हणायचं. ज्या खात्याच्या संमतीनं भेसळ शिरली, त्याच खात्यानं शुद्धतेची व्याख्या लिहिली.

यात सरकारला निव्वळ खलनायक करावं, असं मला वाटत नाही. प्रयोगशाळा नसती तर साके नासत राहिली असती, आणि साइजोत मी जी प्यायलो ती कधीच झाली नसती. प्रश्न आहे तो परंपरा म्हणताना आपण कोणाला मोजतो आणि कोणाला गाळतो याचा.

१९८०च्या दशकात माएदा तोशिहिको या लेखक-कार्यकर्त्यानं तो उघड विचारला. त्यानं घरच्या घरी साके कशी करावी याचं पुस्तक काढलं आणि स्वतः ती केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९८९ मध्ये निकाल लागला : कर गोळा करण्यासाठी घरच्या साकेवर बंदी घालणं घटनाबाह्य नाही. तोवर मद्यकराचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा फार लहान झाला होता. कायदा मात्र १८९९च्याच जागी होता, आजही आहे. साकेचा परवाना हवा तर वर्षाला किमान ६० किलोलिटर करावी लागते. फक्त २००२च्या एका कायद्यानं काही ‘विशेष क्षेत्रां’त सवलत दिली : स्वतःच्या शेतातल्या भाताची दोबुरोकु, स्वतःच्या खानावळीत किंवा घरगुती लॉजमध्ये देणाऱ्या शेतकऱ्याला ही किमान अट लागू नाही. इवाते प्रांतातलं तोनो हे अशा पहिल्या क्षेत्रांपैकी एक.

म्हणून साइजोहून मी लांबचा पल्ला गाठला. शिन-हानामाकीला उतरून, मियाझावाच्या गावाशेजारून, छोट्या गाडीनं बर्फातल्या तोनोला. लॉजची मालकीण सत्तरीची. संभाषण मोबाइलवरच्या भाषांतरानं. तिनं मातीच्या भांड्यातून लाकडी पळीनं दोबुरोकु वाढली : ताकापेक्षा घट्ट, पांढरी, दाणे जिभेला लागणारे, बारीक बुडबुडे. आंबिलीची ओळखीची आंबट चव, मागून गोडवा. मी विचारलं, हे कोणाकडून शिकलात? ती म्हणाली, करकचेरीच्या प्रशिक्षणातून. आणि तुमच्या आजी? त्या करायच्या, पण आम्हा मुलांसमोर नाही. मुलं बोलून जातात. घरात तिला ‘पांढरा घोडा’ म्हणायचे, तेवढं आठवतं. आजी भातात काय घालायच्या, किती दिवस ठेवायच्या, हे तिला माहीत नव्हतं.

डिसेंबर २०२४ मध्ये कोजीनं साके करण्याच्या जपानी कौशल्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत मान मिळाला. तो योग्यच आहे. पण ती बातमी वाचताना मला तोनोची आजी दिसत होती. तिचं कौशल्यही अमूर्तच होतं, आणि ते कागदावर आलं असेल तर धाडीच्या नोंदीत.

इथे आपल्याकडचा हिशेबही मांडला पाहिजे, कारण तारखा चमत्कारिकपणे जवळ आहेत. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८चा. त्यानं गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला आणि ताडाच्या झाडांवर कर बसला. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा आला, ठाणे आणि कुलाबा या दोनच जिल्ह्यांकरिता. पावसाळ्याआधीच्या रिकाम्या महिन्यांत आदिवासी जे फूल खात, तेच घरात बाळगणं संशयाचं झालं. जपानात अर्थमंत्रालयानं करासाठी प्रयोगशाळा तरी काढली. इथे तेही झालं नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यानं महसुलाला नीतीची जोड दिली. ‘परमिट रूम’ हा शब्द त्याची आठवण आहे.

याहून जुना एक दाखला आपल्याच घरात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात ‘मेदक’ या तांदळाच्या मद्याची मापं दिली आहेत : पाणी किती, तांदूळ किती, आंबवणारं किण्व किती. दारूवर राज्याचा कडक ताबा आहे, दंड आहेत. तरीही कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी सुरा करण्याची मुभा आहे, उत्सव-यात्रांना चार दिवसांची मोकळीक आहे, आणि किण्वाचं काम बायका-मुलांनी करावं असं लिहिलं आहे. महसुलाचा इतका कट्टर पुरस्कर्ताही घरातलं मडकं मोजून बाजूला ठेवतो. ईशान्य भारतात आणि झारखंडाच्या पट्ट्यात किण्वाच्या वड्यांनी भाताचं मद्य करणं अजून चालू आहे. आसामातल्या दिमासांच्या ‘जुदिमा’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे दुसरी वाट होती आणि आहे.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत जुन्या पंचनाम्यांच्या काही कार्बन प्रती मिळाल्या. अक्षर त्यांचंच, नीटस. मडकी इतकी, फुलं अंदाजे इतके किलो, रसायन इतके लिटर, जागेवर नष्ट केलं. एका प्रतीवरची तारीख मला आठवणाऱ्या दिवसाच्या जवळची आहे. त्या दिवशी एक कातकरी बाई आवाराच्या कुंपणाशी येऊन वडिलांना म्हणाली होती, ‘साहेब, फुलं घ्या, मडकं तेवढं राहू द्या. सासूचं आहे.’ वडील वाईट नव्हते. त्यांनी तिच्यावर गुन्हा नोंदवला नाही, पण मडकं फोडलं गेलं, कारण ते कागदावर आधीच चढलं होतं.

त्या कागदात मडक्यांचा आकडा आहे, फुलांचं वजन आहे. फुलं किती दिवस भिजवायची, कोणत्या झाडाची साल घालायची, कोणत्या सणाची कशी करायची, यातलं काही नाही. गेल्या वर्षापासून मी कर्जत-सुधागडच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांना हे विचारतो आहे. पहिल्या दोन भेटींत कोणी बोलत नाही. मी कोणाचा मुलगा, हे त्यांना सांगतो. त्यावर काहीजणी हसतात, काहीजणी उठून आत जातात. आतापर्यंत सहा जणींनी सांगितलं. ते एका वहीत लिहून ठेवलं आहे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.